एकसारख्या खुर्च्या

"उठली," आवटी म्हणाले आणि हातातलं चष्म्याचं घर त्यांनी मांडीवर आपटलं.

त्यांच्या पत्नी कुमुदताई उठल्या होत्या खऱ्या. माझ्या वर्कशॉपच्या मधोमध ठेवलेल्या कच्च्या खुर्चीतून दोन्ही हातांवर जोर देऊन त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि कापडांच्या रॅककडे चालू लागल्या. कच्ची खुर्ची म्हणजे पॅकिंगचं प्लायवूड आणि फोम ठोकून केलेला नमुना. सागवानाला करवत लावण्याआधी गिऱ्हाइकाला त्यात बसवून बघायचं, ही माझी पद्धत. सांगलीत दुसरं कुणी एवढा उपद्व्याप करत नाही, हे मी त्या काळात येईल त्याला ऐकवत असे.

"उठणारच की," मी म्हटलं. "खुर्ची आहे ती, विहीर नव्हे."

ते हसले नाहीत. माझ्या विनोदाला न हसणारी माणसं मला तशीही आवडत नाहीत, आणि या गृहस्थांनी तर तिसऱ्यांदा मला नमुना मोडायला लावला होता. एरवी नवरे बायकोला विचारतात, कशी वाटली, पाठीला लागतंय का. आवटींनी एकदाही विचारलं नाही. कुमुदताई बसल्या की ते खुर्चीकडे बघतच नसत, त्यांच्या गुडघ्यांकडे बघत. गुडघे हलले की त्यांचा चेहरा पडे. माणूस पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, त्याला कुठेही गळतीच दिसणार, अशी मी मनातल्या मनात टिंगल करून घेतली.

रॅकपाशी कुमुदताईंनी एका उशीची शिवण बोटानं उचलून बघितली. "टाका सैल आहे," त्या म्हणाल्या. "उसवा आणि परत घाला." आयुष्यभर त्यांनी मुलींच्या शाळेत शिवण आणि चित्रकला शिकवली होती. मुलाचं नाव गेलं, गावाचं गेलं, जेवलो की नाही हे गेलं, पण डोळा शाबूत होता. टाका खरंच सैल होता. माझे यासीनभाई, म्हणजे मिरजेचे गादीकाम करणारे कारागीर, मान खाली घालून उसवायला बसले.

आवटी माझ्याकडे आले त्याला माझीच एक खुर्ची कारणीभूत होती. त्यांच्या पुतण्याच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला कुमुदताई माझ्या लाउंज चेअरमध्ये बसल्या आणि पंगती उठेपर्यंत बसूनच राहिल्या. ती चेअर तेव्हा आमच्याकडे फार गाजली होती. बैठक जमिनीपासून वीतभर, पाठ मागे कललेली. तरुण जोडपी तिच्यात बसून फोटो काढत, आणि त्यांचे आईवडील बसले की दोघांनी हाताला धरून उठवावं लागे. माझ्या सासूबाई एकदा तिच्यातून उठता उठता म्हणाल्या होत्या, तू खुर्च्या करतेस की सापळे. मला ते लागलं होतं, पण खुर्ची खपत होती, म्हणून मी हसण्यावारी नेलं.

आवटींना तीच खुर्ची हवी होती. पण वर्कशॉपात बसवल्यावर कुमुदताई तिच्यातून सहज उठल्या. वास्तुशांतीच्या दिवशी बहुधा त्यांना जेवणाची सुस्ती आली असावी. मग आवटी म्हणाले, आणखी खोल करा. मी खोल केली. म्हणाले, आणखी मऊ. मऊ केली. त्यात आणखी एक भानगड होती. आवटी शेजारी बसल्याशिवाय कुमुदताई बसतच नसत. आवटी साध्या स्टुलावर बसले की त्या आधी स्टुलाकडे, मग खुर्चीकडे बघत, "ही जोडी नाही" म्हणत आणि उभ्याच राहत. म्हणजे खुर्च्या दोन हव्यात आणि दोन्ही एकसारख्या हव्यात. मी म्हटलं, करते दोन. तर आवटी म्हणाले, दोन्ही खोल केल्यात तर मी कसा उठू, माझे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. या माणसाला हवंय तरी काय, हे मला कळेना.

ते कळलं माप घेताना.

तिसरा नमुना वाया गेल्यावर मी कुमुदताईंच्या कोपरापासून मनगटापर्यंत टेप लावला, हात टेकायची पट्टी किती लांब ठेवायची ते बघायला. त्यांनी शाळकरी मुलीसारखा हात पुढे केला. काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकल्या आणि खाली मनगटाभोवती काळपट पट्टा दिसला. कातडी घासून घासून जाड झालेली. मी दुसरा हात बघितला. तिथेही तसाच. माझं बालपण कवठेपिरानला आजोळी गोठ्यात गेलंय. दाव्याचा वण मला ओळखता येतो.

मी टेप गुंडाळला, यासीनभाईंना सांगितलं, बाईंना नवीन कापडं दाखवा, आणि आवटींना बाहेर कडुनिंबाखाली घेऊन गेले. माझं डोकं सणकलं होतं. असल्या माणसाला लाकडाचा तुकडाही विकायचा नाही, हे ठरवूनच गेले होते.

"बाईंना बांधता तुम्ही?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. इकडंतिकडं बघितलंसुद्धा नाही.

"आंघोळीपुरतं," ते म्हणाले. "आणि चहा उकळेपर्यंत."

मग ते सांगत गेले, आणि मी ज्या शब्दांची तयारी करून आले होते ते एकेक करून गळून गेले. कुमुदताई रोज सकाळी शाळेत निघत. शाळा मिरज रस्त्याच्या पलीकडे. एकदा त्या भर रस्त्यात दुभाजकावर सापडल्या, एकदा थेट मिरज स्टेशनवर. दाराला आतून कुलूप घातलं की दारावर डोकं आपटून घेत, कपाळ फुटेपर्यंत. सांभाळायला ठेवलेल्या दोन बायका महिन्याच्या आत सोडून गेल्या. मुलगा बेंगळुरूला, तो म्हणे संस्थेत ठेवा. आवटी संस्था बघून आले होते. तिथे पलंगाला बांधलेली माणसं बघून आले होते.

"तिथं बांधणार, तर मग मीच काय वाईट?" ते म्हणाले. "सुती पट्ट्या आहेत, नाडीच्या. तिनंच शाळेत मुलींकडून विणून घेतलेल्या. दोरी काचली असती."

"त्या काही बोलत नाहीत?"

"विचारते. माझं काय चुकलं, असं विचारते. रोज पहिल्यांदाच विचारावं तसं." त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "चौगुलेताई, मला आता गाठ मारवत नाही. आंघोळ आणि चहा एवढ्यापुरती ती आपणहोऊन बसून राहिली पाहिजे, दार उघडं असलं तरी. एवढंच काम आहे तुमच्या खुर्चीचं."

मी भांडायला गेले होते आणि शब्द न बोलता परत आले. आत येण्याआधी त्यांनी माझ्याकडून एक कबूल करून घेतलं. ही खुर्ची कशासाठी आहे हे कुणाला कळता कामा नये. पुतण्याला नाही, मुलाला नाही, घरात काम करणाऱ्या शालनला नाही. उभं आयुष्य ज्या गावात काढलं तिथे बायकोला बांधणारा म्हणून नाव होऊ द्यायचं नव्हतं त्यांना. मी कबूल केलं. त्या क्षणी त्यांनी काहीही मागितलं असतं तरी मी दिलं असतं.

मी आणि यासीनभाईंनी मग जी जोडी केली तिच्यासारखं काम आमच्या हातून आधी झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. सागवानाचे दोन सांगाडे, एका फळीतून उतरवलेले, त्यामुळे लाकडाची नक्षीसुद्धा जुळणारी. निळीच्या रंगाचं जाड सुती कापड. रिकाम्या खुर्च्या शेजारी ठेवल्या तर ब्रह्मदेवालाही फरक सांगता आला नसता. फरक पोटात होता. आवटींच्या गादीखाली प्लायवूड आणि कडक फोम, टेकलं की टणक, उठायला सोपं. कुमुदताईंच्या गादीखाली सैल पट्टे आणि लोण्यासारखा फोम. बसलं की माणूस खाली खाली जायचा, गुडघे छातीच्या दिशेने वर यायचे, आणि पुढे झुकून उठायला जोर लावायला काही हाताशीच लागायचं नाही. मी स्वतः बसून बघितलं. यासीनभाईंनी हात देऊन काढलं मला.

"निशाणी कायतरी टाका, मॅडम," ते म्हणाले. "उद्या हमालांनी फिरवल्या तर?"

वरून खूण करायची सोय नव्हती. कुमुदताईंना एक टाका जरी वेगळा दिसला असता तरी त्यांनी तो उसवला असता, नाहीतर "जोडी नाही" म्हणून बसायचंच नाकारलं असतं. म्हणून मी त्यांच्या खुर्चीच्या तळाला पितळेची एक चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकली, उलटी केल्याशिवाय न दिसणारी, आणि आवटींना ती दाखवून ठेवली. त्यांनी मान हलवली. म्हणाले, खूण कशाला, जागा ठरलेली आहे. तिची खिडकीपाशी, माझी स्वयंपाकघराच्या दारापाशी. मी काय विसरणार आहे का.

खुर्च्या पोचल्यानंतर काही दिवसांनी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. पहिल्या मजल्यावरचं घर, दार सताड उघडं. ते उघडं दार बघून मला जो आनंद झाला तो एखाद्या बंगल्याचं अख्खं फर्निचर करूनही कधी झाला नाही. आवटी चकचकीत दाढी करून बसले होते, अंगाला साबणाचा वास येत होता. समोर खिडकीपाशी कुमुदताई, निळ्या खुर्चीत खोल रुतलेल्या, बाहेरच्या गुलमोहराकडे बघत. मला चहा करायला आवटी उठले, त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "बस हं, मी आलोच." कुमुदताईंनी एकदा उठायचा प्रयत्न केला, मग नाद सोडून मागे टेकल्या. आतून आल्याचा वास आला आणि आवटींच्या गुणगुणण्याचा आवाज. आवाज अगदीच बेसूर होता.

शालन फरशी पुसत होती. मी तिला सहज म्हटलं, बसून बघितलीस का गं? तिनं जीभ चावली.

"आमी कशाला बसतोय, ताई. पुसायला हात लागतोय तेवढाच. मालकांनी इत्क्या हौसेनं केल्यात."

चहा झाल्यावर आवटी बायकोसमोर उभे राहिले, दोन्ही हात पुढे केले. "चला, उठा बाई." कुमुदताईंनी हात धरले, त्यांनी मागे रेलून ओढलं, दोघं एकमेकांच्या अंगावर कोसळता कोसळता उभी राहिली आणि चक्क हसली. कुमुदताईंच्या हातात नवीन हिरव्या बांगड्या होत्या. मी मनगटं बघितली. वण फिका पडायला लागला होता.

निघताना आवटी जिन्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, पट्ट्या जाळून टाकल्या. मी त्या दिवशी घरी जाताना सासूबाईंसाठी पेढे घेतले. कशाचे ते त्यांना सांगितलं नाही.

वसुबारसेच्या सकाळी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. कुमुदताई गेल्या. मिरज रस्त्यावर, उसाच्या ट्रॅक्टरखाली. कारखाने नुकतेच सुरू झाले होते, दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यानं धडधडत चालले होते. ड्रायव्हरला मागचं दिसलंच नाही. त्या रस्ता अर्धा ओलांडून गेल्या होत्या.

मला पहिला विचार आला तो खुर्चीचा. पट्टा तुटला का, फोम बसला का, काय फसलं. दिवाळी संपेपर्यंत मी तिकडे गेलेच नाही. गेले तेव्हा सगळ्या इमारतीत आकाशकंदील होते आणि त्या एका दाराशी अंधार होता.

शालन दारातच भेटली आणि रडायला लागली. सकाळी घंटागाडी आली म्हणून ती कचरा घेऊन खाली गेली होती, दिवाळीची साफसफाई झालेली, कचरा ढीगभर. दार नेहमीसारखं उघडंच होतं. नेहमी तर उघडंच असायचं, बाई बसून असायच्या. "त्याच्या आदल्या रोजीच मी समदं घर धुतलं बगा, ताई," ती म्हणाली. "मालक बाईंस्नी घिऊन डॉक्टरकडं गेलं हुतं. खुर्च्याबी गॅलरीत काढल्या, पुसल्या, वाळवल्या, पुन्यांदा जागच्या जागी ठिवल्या. सणाचं घर निर्मळ दिसावं म्हून."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आत गेले.

आवटी आपल्या जागेवर, स्वयंपाकघराच्या दारापाशी बसले होते. खोल रुतलेले. गुडघे छातीच्या दिशेने वर आलेले. समोर खिडकीपाशी दुसरी निळी खुर्ची रिकामी. तळाची पितळेची चूक बघायची मला गरज नव्हती. माणूस असा बुडतो ती खुर्ची एकच होती, आणि ती आवटींच्या जागेवर होती.

मी जमिनीवरच बसले. आतल्या खोलीतून त्यांच्या मुलाचा फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. आवटींनी तो आवाज बंद होईपर्यंत वाट बघितली.

"बसलो आणि कळलं," ते म्हणाले. "पण बसलो होतो ना."

मग त्यांनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं, एखाद्या धरणाच्या कामाचा अहवाल द्यावा तसं. आदल्या रात्री दवाखान्यातून उशिरा येऊन दोघं तशीच झोपली होती; सकाळी ते खुर्चीत टेकले, खोल रुतत गेले आणि ही हिची खुर्ची आहे हे त्यांना कळलं. कुमुदताई तेवढ्यात समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. आवटी उठायला धडपडू लागले. गुडघे साथ देईनात. त्यांनी शालनला हाका मारल्या, पण खाली घंटागाडीचं गाणं मोठ्यानं चालू होतं. आणि त्यांची ती धडपड बघून कुमुदताई उठल्या. कुणाचा हात न धरता, सहज.

"मला वाटलं आता दाराकडं जाणार," आवटी म्हणाले. "नाही गेली. माझ्यापाशी आली. मी रोज करतो तसे दोन्ही हात पुढं केले. म्हणाली, चला, उठा बाई. मी हात धरले. तिनं ओढलं, ताई. जीव खाऊन ओढलं. बांगडी फुटली तिची. पण माझं वजन तिला कसं पेलणार?"

त्यांनी आपल्या तळहातांकडे बघितलं.

"मग तिनं माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाली, बस हं, मी आलेच." त्यांनी स्वतःच्या खांद्याला हात लावला. "सबंध संसारात तिनं मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. माझेच शब्द होते ते. ते तेवढे लक्षात राहिले होते तिच्या. आणि गेली. मी इथून तिची पाठ बघत होतो. शाळेत निघाली असेल, नाहीतर मला उठवायला कुणाला बोलवायला गेली असेल. कोण सांगणार आता."

खिडकीतून गुलमोहर दिसत होता. मी रडत होते, आणि ते रडत नव्हते म्हणून मला आणखी रडू येत होतं.

"शालनला सांगू नका," ते म्हणाले. "कचऱ्याला गेले म्हणून झालं, असं ती धरून बसलीय. तेवढं दुःख तिला पेलेल. खुर्च्यांचं कळलं तर पेलायचं नाही. आणि तिची चूक कसली? मी कुणाला सांगितलंच नव्हतं. लाजेपायी."

मी म्हटलं, दोन्ही खुर्च्या मी आत्ता टेंपो बोलावून घेऊन जाते. तुमच्या डोळ्यांसमोर नकोत.

"ती न्या," ते खिडकीकडं बघून म्हणाले. "ही राहू दे."

"आवटीकाका, यातून तुम्हाला उठता येत नाही."

"मुलगा उठवतो जेवायला."

"तो परत गेल्यावर?"

मी उठले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि दोन्ही हात पुढे केले. निदान मी असेपर्यंत तरी त्यांनी दुसरीकडे बसावं, एवढंच मला हवं होतं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. आपले हात मात्र त्यांनी खुर्चीच्या हातांवरून उचलले नाहीत.

"राहू द्या," ते म्हणाले. "बस म्हणून गेलीय ती."